निळा की काळा

“पुढचा कॅमेरा कसा आहे?” वृषालीनं खुणेनं विचारलं आणि मी ते तोंडानं विचारलं.

मुनोतभाऊ हसले. “वहिनी, मागचा बघा की! निळ्याचा मागचा तेरा मेगापिक्सेलचा आहे. लग्नाकार्यात फोटो असे येतील की बघत राहाल. पुढचा कोण विचारतंय?”

“ही विचारतेय,” मी म्हटलं. “फोन हिलाच घ्यायचाय.”

बार्शीत मुनोतभाऊंच्या दुकानात, काचेच्या काउंटरवर, त्या दिवशी दोन फोन शेजारी शेजारी ठेवले होते. एक निळा, ऐसपैस, चकचकीत. दुसरा काळा, आखूड, बघितल्यावर काही वाटू नये असा. किमतीला दोन्ही सारखेच, मामांनी घरून निघताना ठरवलेल्या आकड्यात बसणारे. मामा म्हणजे माझे सासरे, पतंगे मास्तर. गावातल्या निम्म्या शाळांचे गणवेश त्यांच्या कात्रीखालून जायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. आत्या बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर धरून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशा. आणि वृषाली ही त्यांची धाकटी, माझी नणंद. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तोंडानं बोलणंही नाही. पण ती गप्प बसली आहे असं मी तिला कधी बघितलं नाही. बरीच वर्षं झाली या गोष्टीला, तरी ते दुकान मला अजून जसंच्या तसं आठवतं.

गोष्ट अशी होती. वृषालीची सोलापूरच्या मूकबधिर शाळेतली मैत्रीण कौसर पुण्यात कपड्यांच्या एका कारखान्यात लागली होती. तिथं शिलाईला आणखी एक मुलगी हवी होती. राहायला कौसरची खोली, त्यात त्यांच्यासारख्याच आणखी दोघी. मशीनवर वृषालीचा हात असा बसलेला की मामा स्वतः गिऱ्हाइकाला सांगायचे, “हे पोरीनं शिवलंय, माझ्यापेक्षा चांगलं.” पण पुण्याचं नाव काढलं आणि घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली. आत्या तर भाकऱ्या थापता थापता मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायच्या.

वृषाली हटली नाही. रोज सकाळी मामा दुकानाला निघाले की दारात उभी राहायची आणि तळहात चेहऱ्याभोवती गोल फिरवायची. ही आमच्या घरची पुण्याची खूण. तिकडच्या मुली गाडीवर बसताना तोंडाला ओढणी गुंडाळतात, ते तिनं लहानपणी एकदा बघितलं आणि तेव्हापासून पुणं म्हणजे चेहऱ्याभोवती फिरणारा हात. मामा चप्पल घालेपर्यंत तो हात फिरत राहायचा. माझा नवरा एकदा चिडून म्हणाला, “हिला समजव की गं.” मी म्हटलं, “मी तिच्या बाजूची आहे. तुम्ही मामांना समजवा.” त्यानंतर तो आठवडाभर माझ्याशी फुगून होता. फुगू दे म्हटलं.

शेवटी मामांनी अट घातली. “फोन घेऊन देतो. रोज संध्याकाळी आईशी बोलायचं आणि आईला तिचं सगळं समजलं पायजे. मध्ये कुणी सांगायला नको. आणि हे आधी दुकानातच बघायचं. तिथं समजलं नाही तर विषय संपला, परत पुण्याचं नाव नाही.”

अट ऐकून मला राग आला, कारण मामांच्या मनात काय आहे ते स्पष्ट दिसत होतं. एवढ्याशा काचेत हात कसले समजतायत, आपोआप मिटेल, असा त्यांचा हिशेब. वृषालीला मी अट सांगितली. तिनं एकच खूण केली, मुठीवर मूठ. म्हणजे ठरलं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या खुणा शाळेतल्या नव्हत्या. शाळेतल्या खुणा वृषालीला यायच्या, मैत्रिणींशी ती त्याच करायची. पण आत्यांशी बोलायच्या त्या घरच्या. ती रांगत होती तेव्हापासून मायलेकींनी मिळून घडवलेल्या. मी लग्न होऊन आले आणि वर्षभरात त्या सगळ्या शिकले. बोलल्याशिवाय मला राहवत नाही, आणि त्या घरात सगळ्यात गप्पिष्ट माणूस हीच निघाली.

तर काउंटरवर मुनोतभाऊंचं सुरू झालं. “निळ्याची बॅटरी दोन-दोन दिवस हलत नाही. काळ्याला रोज लावा चार्जिंगला. निळ्याचा स्क्रीन मोठा. मेमरी दुप्पट.”

“मग निळाच की,” मामा म्हणाले. “बघायचं काय त्यात?”

“आणि मास्तर, ब्यूटी मोड आहे! तोंडावरचा डाग दिसत नाही, सुरकुती दिसत नाही. माणूस दहा वर्षांनी लहान होतो. काकू, या इकडं.”

आत्या उठून आल्या. मुनोतभाऊंनी निळा त्यांच्यासमोर धरला. काचेत आत्या दिसल्या, पण गालाची हाडं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं गायब. “अगं बाई!” आत्या म्हणाल्या आणि त्या सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. “ही मी हाय व्हय?” खरं सांगते, मलाही निळाच आवडला. सुंदर होता मेला.

काळ्यात आत्या जशा होत्या तशाच दिसल्या. त्यांनी तो लगेच खाली ठेवला.

वृषाली मात्र कुणाच्याच बोलण्याकडे बघत नव्हती. तिनं दोन्ही फोनांचे पुढचे कॅमेरे चालू केले, दाराशी उजेडात गेली आणि दोन्हींसमोर हात हलवून बघितले. मग परत येऊन तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि दुकानाच्या मागच्या दाराकडे बोट केलं.

“काय म्हणायलीय?” मामांनी विचारलं.

“अंधारात बघायचंय म्हणतेय. मागच्या खोलीत.”

“तिथं काय आहे?” मुनोतभाऊ म्हणाले. “खोकी आहेत नुसती. एक बल्ब आहे, तोही धड लागत नाही.”

“तसलाच हवाय. कौसरच्या खोलीत खिडकी नाही, दिवसासुद्धा एवढाच उजेड असतो. ही तिथूनच बोलणार ना?”

मामा वैतागले. “फोन घ्यायला आलोय का गोदाम बघायला? नसती खुसपटं काढायलीय पोरगी.”

“मामा, तुम्ही कापड घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघता की नाही? आतल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवता का?”

मामांनी टोपी काढून परत घातली. मुनोतभाऊंनी दोन्ही फोनांत कार्ड घालून व्हिडिओ कॉलची सोय करून दिली. वृषाली निळा घेऊन मागच्या खोलीत गेली. आत्या आणि मी माझा फोन घेऊन दुकानाबाहेर, रसाच्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिलो. मामा दुकानातच थांबले, काउंटरला रेलून.

कॉल लागला. काचेत वृषाली आली. गोरीपान, तुकतुकीत, नवरीसारखी. तिनं फोन कुठल्यातरी खोक्याला टेकवून ठेवला असावा, दोन्ही हात मोकळे होते. चेहरा छान दिसत होता, पण हात हलले की ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे व्हायचे. आत्या काचेला नाक लावून बघत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून.

छातीवर बोट. मी.

चेहऱ्याभोवती हात. पुणे.

तळहात पुढे सरकला. जाणार.

मग हात वर चेहऱ्याकडे गेल्यासारखा वाटला, काहीतरी झालं, आणि लगेच तळहात आडवा झटकला गेला. नाही.

आत्यांनी माझा हात असा धरला की माझी काचेची एक बांगडी फुटली.

“जाणार नाही म्हणाली! हेमा, बघितलंस ना? पुण्याला जाणार नाही म्हणाली!”

मी बघितलं होतं. मी पण तेच बघितलं होतं. आत्या फोन माझ्या हातात कोंबून पळतच दुकानात शिरल्या. “अहो, ऐकलं का? जात नाही म्हणाली पोरगी! आपण होऊन म्हणाली!”

मामांनी डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, काउंटरवर दोन्ही हात टेकून क्षणभर तसाच उभा राहिला. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “घर सोडून कुठं जातंय माणूस.” मग एकदम मोठ्या आवाजात, “मुनोतभाऊ, निळा बांधा! आता हौसेनं घेऊ. घरात वापरील ती.”

माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी या पोरीसाठी सासऱ्यांशी तोंड वाजवलं, नवऱ्याचं फुगणं सहन केलं, शेजारणींचं ऐकून घेतलं की सूनच नणंदेला घराबाहेर काढायलीय. आणि ही ऐन वेळेला शेपूट घालते? मी तरातरा मागच्या खोलीत गेले. वृषाली खोक्यावर बसून निळ्या फोनकडे बघत होती.

“घाबरलीस?” मी खुणा करत होते आणि तोंडानंही बोलत होते, राग आला की माझं दोन्ही सुटतं. “मग आधी सांगायचं होतंस! मी कशाला भांडत बसले?”

तिनं भुवया उंचावल्या. काय?

“जाणार नाही म्हणालीस ना आईला!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मघाचं सगळं परत केलं. मी. पुणे. जाणार. मग दोन बोटं डोळ्याखालून गालावर ओघळली. ती आमच्या घरची रडण्याची खूण. आणि मग नाही.

मी पुण्याला जाणार. रडायचं नाही.

मला हसावं की ओरडावं कळेना. फोननं मधली खूण गिळली होती. गालावरच्या सुरकुत्या पुसता पुसता गालावरून उतरणारी बोटंही पुसली, की त्या मिणमिणत्या उजेडात ती उमटलीच नाहीत, मुनोतभाऊंनाही नंतर सांगता आलं नाही. पण झालं होतं ते असं. अन् बाहेर मामा निळा बांधायला सांगत होते.

“थांब, मी सांगते त्यांना,” म्हणून मी वळले. वृषालीनं माझं मनगट धरलं. शिलाईवाल्या पोरीचा हात तो, पकड सुटेना.

तू सांगायचं नाही, ती म्हणाली.

“अगं, पण आत्ता नाही सांगितलं तर सगळं संपतंय!”

तू सांगितलंस तर आईला तुझं समजेल. माझं नाही. तिनं माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या. रोज तू तिच्याशेजारी बसणार आहेस का? तिला माझ्याकडून समजू दे. नाही समजलं तर मी राहते. काळा आण.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, काही नव्हतं. नुसती ठाम होती. मला वाटलं, पैज कुठली लावतेय ही, आणि कशावर! पण मी गेले.

दुकानात मुनोतभाऊ निळ्याचा खोका शोधत होते. “एकदा काळ्यावरून पण बोलू द्या तिला,” मी निळा काउंटरवर ठेवत म्हटलं.

“आता कशाला?” मामा म्हणाले. “ठरलं की.”

“ठरलं ते ठरलं. बघायला काय जातंय?”

“बघू द्या हो,” आत्याच म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुललेला होता. “मलाच बोलायचंय तिच्याशी.” माझा फोन घेऊन त्या स्वतःच बाहेर रसाच्या गाडीपाशी गेल्या, एकट्या. मी काळा घेऊन आत गेले आणि खोक्यांच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी उभी राहिले. काच मला दिसत होती.

आत्या उन्हात उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं घाईघाईनं खुणा. चल घरी. आज शेंगोळे करते. तुला आवडतात तसे, तिखट. वृषालीनं त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं. मग सुरुवात केली. मला वाटलं होतं, ती या वेळी एकेक खूण सावकाश, ठसवून करील. नाही केली. रोज आईशी जशी बोलायची त्याच वेगानं केली, तिला खोटी परीक्षा पास व्हायचं नव्हतं.

मी. पुणे. जाणार. रडायचं. नाही.

आत्यांचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, पण डोळ्यांतून निघून गेलं. त्यांनी बोट गोल फिरवलं. परत.

वृषालीनं परत केलं.

आत्या उभ्याच राहिल्या. मागून एक टमटम गेली, कुणीतरी रस मागत होतं. त्यांचे डोळे भरले आणि वाहायला लागले. सवयीनं त्यांचा मोकळा हात गाल पुसायला वर आला, आणि अर्ध्यात थांबला. मला आधी कळलंच नाही का ते. मग कळलं. दोन बोटं गालावरून खाली नेली की आमच्या घरात त्याचा अर्थ होतो, मी रडतेय. काचेपलीकडं लेक बघत होती. आत्यांनी हात खाली घेतला. पाणी हनुवटीपर्यंत आलं, मंगळसूत्रावर पडलं, त्यांनी शिवलंसुद्धा नाही. मग त्याच हातानं विचारलं, जेवण?

मी करणार. कौसर आणि मी.

आणि रात्री?

चौघी असतो. दाराला आतून कडी.

आत्यांनी मान हलवली. कॉल बंद झाला.

आता खरं काय ते बाहेर फक्त आत्यांना ठाऊक होतं. मामांच्या लेखी विषय मिटला होता. आत्यांनी दुकानात येऊन “तेच म्हणाली” एवढंच म्हटलं असतं, तरी संपलं असतं. मी घसा फोडून खरं सांगितलं असतं, तरी कोण ऐकणार? मी कुणाच्या बाजूची ते सगळ्या गल्लीला माहीत. आणि कुठल्या आईला वाटणार नाही की एवढा एक शब्द आपल्या ओठातच राहू द्यावा?

आम्ही दोघी मागच्या खोलीतून दुकानात आलो तेव्हा आत्या दुकानाची पायरी चढत होत्या. तोंड सगळं ओलं. वृषाली समोर उभी होती, तिच्याकडं बघत त्या आत आल्या.

“काय गं?” मामांनी विचारलं. “काय झालं? काय म्हणाली? तेच ना?”

आत्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

“नाही. जाणार म्हणाली.”

“आं? मघाशी तर—”

“मघाशी मला चुकीचं दिसलं.”

मामा क्षणभर गोंधळले आणि मग त्यांना धागा सापडला. “म्हणजे समजत नाही ना फोनवर? मी काय म्हटलं होतं? समजलं नाही तर विषय संपला म्हटलं होतं! एकदा हे दिसतंय, एकदा ते. उद्या तिकडून काहीतरी सांगंल आणि तू इकडं भलतंच समजून बसशील.”

“आता समजलं,” आत्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“रडू यायलंय त्यावरून.”

मामांनी वृषालीकडं बघितलं. ती सरळ उभी होती, हात दोन्ही बाजूंना, एकही खूण न करता. मी तोंड उघडणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मिटूनच ठेवलं.

मुनोतभाऊ अवघडून खाकरले. “मग काकू, निळा बांधायचा ना? बांधतच होतो.”

आत्यांनी निळा फोन उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि काउंटरवरून त्यांच्याकडं सरकवला. “ह्यात पोरगी लई चांगली दिसती,” त्या म्हणाल्या. “उद्या तापानं फणफणली तरी चांगलीच दिसंल. मला ती हाय तशी दिसली पायजे. काळा द्या.”

मामांनी आत्यांच्या ओल्या तोंडाकडं बघितलं. मग खिशातून पाकीट काढत बिलाच्या टेबलाकडं गेले आणि जाता जाता वृषालीला हातानं बोलावलं, ये. नाव तिचंच घालायचं होतं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आमच्याकडं पाठ करून. तेव्हा कुठं आत्यांनी पदर घेतला आणि तोंड पुसलं.